एका 'करा'साठी चौदा पानं

नाटक कंपनी काढायची म्हटलं की सगळ्यात आधी काय जमतं? कलाकार? नाही. प्रेक्षक? मुळीच नाही. आधी जमतात किस्से! आमच्या कंपनीचा एकही प्रयोग झालेला नव्हता, पडदा शिवायला टाकायचा होता, नावावरून भांडणं चालू होती, आणि किस्से मात्र इतके साठले होते की हिंजवडी ते कोळवण अख्खा रस्ता सांगत बसलं तरी संपायचे नाहीत. यातले बरेचसे किस्से आम्हाला शहाणपण शिकवायला आलेल्यांनीच फुकट पुरवलेत. त्यांचे आभार मानायला हवेत खरं तर. पण मी मानणार नाही.

कंपनी म्हणजे तीन माणसं. मी शुभांगी, जन्म कोळवण खोऱ्यातला, नोकरी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. शिवाय पुण्यातल्या नाटकांच्या विंगेत मी अकरा वर्षं उभी राहिलेय. दुसरा प्रसाद, परभणीचा, माझ्याच ऑफिसातला. त्याला लाइट्समधलं सगळं कळतं आणि बाकी काहीच कळत नाही. तिसऱ्या सविता वहिनी. आमच्या शेजारच्या. धरणाकाठच्या रिसॉर्टांतल्या स्टाफला डबे पुरवतात, आणि मी आजवर पाहिलेल्या नट्यांत सगळ्यात भारी नटी त्याच आहेत.

आणि जागा? माझ्या चुलत्यांची, तात्यांची, बंद पडलेली भाताची गिरणी. पत्र्याची लांबलचक शेड, एका टोकाला पोती ठेवायचा उंच ओटा, त्याच्यामागच्या कोपऱ्यात मशीन, दुसऱ्या टोकाला मागचं दार. त्या ओट्यावर पहिल्यांदा उभी राहून मी टाळी वाजवली आणि आवाज असा काही फिरून आला की मला रडूच फुटलं. हेच स्टेज, असं मी तिथंच ठरवलं. अडचण एकच. एक रिसॉर्टवाले साहेब तीच शेड पार्टी हॉलसाठी मागत होते, आणि तात्या त्यांना दसऱ्याला उत्तर देणार होते.

मी चौदा पानांचा आराखडा लिहिला, छापला आणि तात्यांच्या हातात दिला. तात्या एका वेळी चार शब्दांच्या वर बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी उधळपट्टी केली.

"चार जाणत्या मान्सांस्नी दाखीव. एकानं तरी 'करा' म्हनाय पायजे. मग बघू."

आणि माझी चौदा पानं त्यांनी गिरणीतल्या खिळ्याला अडकवली. जुन्या लाइट बिलांच्या वर!

*

तात्या कोण, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आमच्या गावात यात्रेला गावकऱ्यांचं नाटक व्हायचं. त्या नाटकाचे तात्या वीस-बावीस वर्षं प्रॉम्प्टर होते. विंगेत पोत्यावर बसायचे, डोळ्यांना चष्मा, हातात वही. आवाज असा की पुढच्या चार रांगांना नाटक दोनदा ऐकू यायचं! एकदा तात्यांकडून आणि एकदा नटाकडून.

तात्यांचा नियम एकच: "लिवलंय त्येच म्हनायचं." एका वर्षी राजाचं काम करणाऱ्या गड्याला टाळ्या पडल्या, तसा तो चेकाळला आणि पदरचं बोलायला लागला. विंगेतून आवाज आला, "तसं न्हाई लिवल्यालं!" अख्ख्या मैदानानं ऐकलं. राजा गप झाला, दोन पावलं मागं गेला, आणि लिहिलेलं वाक्य मुकाट्यानं म्हणून मगच पुढं सरकला.

दुसरी गोष्ट, तात्यांना स्टेजवरची शांतता सहन व्हायची नाही. पुण्याला शिबिर करून आलेल्या एका नटानं शोकाच्या प्रसंगात मोठा पॉज घेतला. तात्यांनी वाक्य सांगितलं. नट गप्प. तात्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. नट आभाळाकडं बघतोय! तिसऱ्यांदा तात्या असे ओरडले की प्रेक्षकांतल्या एका म्हातारीनंच ते वाक्य म्हणून टाकलं आणि नाटक पुढं गेलं.

*

पहिला जाणता माणूस म्हणून आम्ही पुण्यातल्या एका मोठ्या दिग्दर्शकांकडे गेलो. सगळे त्यांना 'सर' म्हणतात, आपणही तेवढंच म्हणू.

सरांनी आराखडा चाळला. "दुपारी चारचा प्रयोग? नाटकाला एक वेळ असते, एक वातावरण असतं."

"सर, आमच्याकडे शेवटची एसटी साडेसहाला आहे," मी म्हटलं. "वातावरणात बसून राहिलं तर लोक घरी कसे जाणार?"

सर हसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, उत्साह आहे तुमच्यात. पण तयारी नाही. आधी एखाद्या चांगल्या ग्रुपमध्ये चार-पाच वर्षं काम करा. शिस्त काय असते ते बघा. मग स्वतःचं काढा."

"सर, मी तुमच्याच ग्रुपमध्ये होते. नऊ वर्षं. कपडेपट सांभाळायचे."

सरांनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"अरे हो! त्या इस्त्र्या तुमच्या का? काय कडक असायच्या हो!"

नऊ वर्षं. मला त्या माणसाच्या तीन नाटकांतला शब्दन् शब्द पाठ आहे, आणि त्याला माझी इस्त्री पाठ! उतरताना जिन्यात प्रसाद काहीतरी धीराचं बोलायला गेला. मी म्हटलं, "गप्प बस, मला राग येऊ दे. कामाला येईल."

*

दुसरे आमचे मॅनेजर. जाणते आहेत की नाही यावर आमचं एकमत नाही, पण गावात 'हिंजवडीचे साहेब' म्हटलं की वजन पडतं.

त्यांनी आराखडा अगदी मनावर घेतला. दोन दिवसांत एक्सेल शीट आली. बत्तीस मुद्दे! प्रत्येकापुढे गंभीरता लिहिलेली. पार्किंग नाही: क्रिटिकल. एसी नाही: क्रिटिकल. पावसाचा पत्र्यावर आवाज होतो: हाय. स्टेजच्या मागे भाताचं मशीन दिसतं: मीडियम. शेवटी एक हसरा चेहरा आणि 'ग्रेट इनिशिएटिव्ह!'

आता माझं दुखणं ऐका. मी टेस्टर. अकरा वर्षं मी डेव्हलपर लोकांच्या चुका शोधून लिहून पाठवतेय, आणि अकरा वर्षं ते त्या एकाच वाक्यानं बंद करतायत: 'ही चूक नाही. हे असंच ठरवलेलं आहे.' हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. कितीदा तरी त्यावरून मी मीटिंगमध्ये भांडलेय.

त्या संध्याकाळी मी मॅनेजरांची शीट उघडली. बत्तीसच्या बत्तीस मुद्द्यांपुढे लिहिलं: 'ही चूक नाही. हे असंच ठरवलेलं आहे.' आणि परत पाठवून दिली.

इतकं गार वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये आमच्या डेव्हलपरांना मी स्वतःहून चहा पाजला.

*

तिसऱ्या एक फार्महाउसवाल्या मॅडम. शहरातून आल्यात, खोऱ्यात त्यांचं टुमदार घर आहे, नाटकांची आवड आहे, ओळखी दांडग्या. त्यांना आराखडा फारच आवडला. "किती रस्टिक!" असं त्या पान उलटलं की म्हणायच्या.

"मी काय म्हणते," मॅडम म्हणाल्या, "रविवारी माझ्याकडे पाहुणे असतात. आधी तुमचं नाटक, मग पिठलं-भाकरी. बायकांनी नऊवारीत असावं. नाटकातल्याच बायकांनी वाढलं तर किती ऑथेंटिक वाटेल!"

सविता वहिनी सोफ्याच्या काठावर पुढं सरकल्या. त्या म्हणाल्या, "म्याडम, मी नाटकात वकील हाय. काळा कोट आसतोय मला."

"मग कोट नंतर काढता येईल ना?"

"येतोय की. आन् नऊवारी नेसून भाकरी बी वाढती. मी रोज साठ डबे भरती, मला काय जड न्हाई." वहिनी उठल्या, पदर खोचला. "फकस्त मी वाढत आसताना वकिलाचं काम तुमी करा. उलटतपासणी लई मोठी हाय. पाठ करायला घ्या आत्तापासून!"

मॅडमनी चहा छान पाजला. 'करा' काही म्हणाल्या नाहीत. परतीच्या वाटेवर जीपमध्ये वहिनी बाहेरच्या भाताकडे बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "शुभे, पंधरा वर्सं भाकरीच वाढतीय मी. कोट घालायचाय मला. कळलं का?"

कळलं होतं. म्हणूनच तर चाललं होतं सगळं.

*

चौथे सरपंच. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात त्यांनी आराखडा हातात धरून वजन बघितलं आणि टेबलावर ठेवला.

"चौदा पानं वाचायला टाइम न्हाई. मला येवढंच सांग, पोस्टरवर फोटो कुनाचा?"

"पोस्टरवर काम करणाऱ्यांचे फोटो असतात."

"आमचा न्हाई?"

माझं डोकं तोपर्यंत तीन जाणत्यांनी तापवून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "तुमचा पाहिजे तर तुम्ही नाटकात काम करा. जमीनमालकाचं काम रिकामं आहे. पण तो पहिल्याच अंकात मरतो."

मला वाटलं, आता हाकलून बाहेर काढतील. सरपंच विचारात पडले.

"मेल्यावर?"

"मेल्यावर त्याचा फोटो भिंतीवर असतो. हार घातलेला."

"किती येळ?"

"नाटक संपेपर्यंत."

"केवढा फोटो?"

प्रसादनं दोन्ही हात पसरून दाखवले. सरपंचांनी खुर्ची पुढं ओढली. "मग हितं बसा की! उभं का ऱ्हायलाय?" चहा आला, बिस्किटं आली. कुठल्या कपड्यातला फोटो बरा दिसेल यावर अर्धा तास चर्चा झाली. आणि निघताना मी शेडचा विषय काढला, तेव्हा म्हणाले, "त्येचं काय हाय, त्यो रिसॉर्टवाला बी आपलाच मानूस हाय. त्यात मी कसा बोलू?"

चार झाले. 'करा' शून्य.

*

दसरा चार दिवसांवर आला. वहिनींच्या ओट्यावर बसून आम्ही आराखडा पुन्हा वाचत होतो, कुठं काय चुकलं ते शोधायला. वहिनी बोट ठेवून एकेक ओळ वाचतात. बाराव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"ह्ये काय लिवलंयस?"

मी वाचलं. 'आमच्या कंपनीत प्रॉम्प्टर असणार नाही. ज्याचं पाठांतर नाही, त्यानं स्टेजवर पाऊल ठेवू नये.'

"बरोबर आहे की," मी म्हटलं. हे वाक्य मला फार आवडलेलं होतं. अकरा वर्षं विंगेत उभं राहून कमावलेलं वाक्य होतं ते.

वहिनींनी कपाळावर हात मारला. "अगं बये! ज्याच्या शेडात नाटक करायचंय, त्यालाच कामावरनं काढलंस व्हय!"

मी गार पडले. खरंच माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रसाद लगेच लॅपटॉप उघडून बसला. "ताई, ओळ काढून टाकू. नवीन प्रिंट देऊ. तात्यांनी कुठं वाचलंय? खिळ्यालाच तर हाय."

आणि मी, आता काय सांगू, मी नाही म्हटलं. वाईट वाटलं होतं. पण चार लोकांनी चार बाजूंनी आराखडा ओढून झाला होता, आणि मी एक ओळ हलू दिली नव्हती. आता शेडसाठी तात्यांना गोड वाटेल असं लिहायचं? मग मॅडमच्या नऊवारीला तरी नाही का म्हटलं? "जे पटतं तेच लिहिलंय. शेड गेली तर गेली," असं म्हणून मी तणतणत गिरणीत गेले. निदान तात्यांना तोंडावर सांगावं म्हणून.

तात्या नव्हते. खिळ्याला लाइट बिलं होती. वरची चौदा पानं नव्हती.

काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "वाऱ्यानं गेली आसतील. न्हाईतर मीच चुलीत घातली आसतील. कामाची व्हती का?"

*

खंडेनवमीला सकाळी तात्यांचा निरोप आला: "शेडात या."

आम्ही तिघं पोचलो तर शेडमध्ये रिसॉर्टवाले साहेब आधीच हजर. मागच्या दारापाशी उभे, गॉगल डोक्यावर. त्यांचा कॉन्ट्रॅक्टर टेप लावून मापं घेत होता. तात्यांनी जुन्या मशीनची पूजा केली होती, झेंडूचा हार घातला होता, आणि मशीनच्या आडोशाला पोत्यावर बसले होते. आमच्याकडे पाठ, भिंतीकडे तोंड.

"चौघं काय म्हनाले? सांग," तात्या तसेच बसून म्हणाले.

मी ओट्यावर चढले. हातात कागद घेतला नाही. पाठांतर नसेल तर स्टेजवर पाऊल ठेवू नये, हे मीच लिहिलेलं होतं ना!

"चौघांतल्या एकानंही 'करा' म्हटलं नाही," मी म्हटलं. "पण आम्ही करणार आहोत. मी चौघांना मत विचारायला गेले होते, परवानगी मागायला नाही. परवानगी फक्त तुमची लागते, म्हणून तुमच्यासमोर बोलतेय. शेड नाही दिलीत तर खळ्यावर करू. खळं नाही मिळालं तर वहिनींच्या ओट्यावर करू. पण पहिल्यांदा हे ऐकून घ्या."

आणि मी आराखडा सुरू केला. पान एकपासून. आवाज पत्र्यावर आपटून छान फिरत होता. कुठले प्रयोग, किती वाजता, गावातली किती माणसं, एसटीच्या वेळा, सगळं धाडधाड म्हणत गेले. बारावं पान आलं. म्हणावं की गाळावं? गाळलं नाही. 'आमच्या कंपनीत प्रॉम्प्टर असणार नाही,' तात्यांच्या पाठीकडे बघत म्हटलं. पाठ हलली नाही.

शेवटचं पान आलं, आणि कॉन्ट्रॅक्टरनं माझ्या पायाशी, बरोबर ओट्याच्या काठावर, खडूची लांब रेघ मारली. मागच्या दाराकडे बघून ओरडला, "साहेब, हा ओटा फोडला की काउंटर इथपर्यंत येतोय!"

मी त्या रेघेकडे बघत राहिले. पुढचं वाक्य गेलं. गेलंच! चौदा पानं स्वतः लिहिलेली, रात्रंदिवस घोकलेली, आणि तोंडाशी एक शब्द येईना. वहिनी खालून ओठ हलवत होत्या, ते कळेना. प्रसाद लॅपटॉप उघडायला धडपडत होता. शेडमध्ये एकदम सामसूम झाली.

"'भाताचा हंगाम संपला तरी या शेडला काम असलं पाहिजे.'"

आवाज मशीनच्या आडून आला होता. शुद्ध पुस्तकी भाषेत, एकेक अक्षर सुटं.

"'भाताचा हंगाम संपला तरी,'" मी म्हटलं, "'या शेडला काम असलं पाहिजे.'"

"'इथं पोती उतरली, तशी आता माणसं उतरतील.'"

"'इथं पोती उतरली, तशी आता माणसं उतरतील.'" मी म्हटलं. आता फक्त शेवटचं वाक्य राहिलं होतं, आणि ते मला आठवलं होतं. तीन वर्षांसाठी शेड मागितली होती आम्ही. त्याहून जास्त मागायची हिंमतच झाली नव्हती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आडोशातून आवाज आला.

"'म्हणून ही शेड आम्हाला दहा वर्षांसाठी द्यावी.'"

मी थांबले. "तात्या, तीन लिहिलंय."

तात्या पहिल्यांदाच वळले. डोळ्यांवर चष्मा, हातात माझी चौदा पानं, कोपरे दुमडून दुमडून मऊ झालेली. शेवटच्या पानावर निळ्या पेनाची एक आडवी रेघ होती, आणि तिच्या डोक्यावर काहीतरी खरडलेलं होतं.

"लिवलंय त्येच म्हन," तात्या म्हणाले.

"म्हणून ही शेड आम्हाला," मी म्हटलं, "दहा वर्षांसाठी द्यावी."

तात्यांनी मान हलवली. बोट उचलून साहेब उभे होते त्या मागच्या दाराकडे दाखवलं.

"मोठ्यांदा. मागं ऐकू जात न्हाई."